चुकीच्या घरातला घोडा

संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले की सांगलीतील त्या घराच्या माडीवर दिवेलागणीला दोन आसने मांडली जात. आतल्या खोलीत आजी सामायिकास बसत. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या सतरंजीवर, आजोबा आणि त्यांची आठवीत शिकणारी नात बुद्धिबळाचा पट मांडीत. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. आजी उठल्या की पटही उठे. ही वेळ कोणी ठरवून दिली नव्हती. आजींचे मौन सुरू असताना घरात टीव्ही लागत नसे, फोन वाजत नसे आणि मुलीला एकाग्र होण्यास याहून सोयीची वेळ सापडली नसती, एवढेच त्यामागचे कारण.

या घरात पट येणे ही गोष्ट मुळात सोपी नव्हती. आजोबांचे वडील हळदीचे अडते होते आणि सप्तव्यसनांतील पहिले व्यसन द्यूत, हे त्यांच्या मनावर असे कोरलेले होते की सोंगट्या आणि फासे यांत त्यांना फरक दिसत नसे. आजोबा हा खेळ शिकले ते दुकानातील दिवाणजींकडून, दुपारच्या सुस्त वेळी, हळदीच्या पोत्यांवर पुठ्ठ्याचा पट पसरून. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले, वडील गेले, तेव्हा कुठे लाकडी सोंगट्यांचा संच उजळ माथ्याने घरात आला. आजींनी मात्र एक अट घातली होती आणि ती आजही पाळली जाते. 'घोडा मारला', 'वजीर मारला' असे या घरात कोणी म्हणायचे नाही, 'घेतला' म्हणायचे. बाहेरच्या खेळाडूंना हे ऐकून हसू येते. नातीच्या तोंडी मात्र तो शब्द इतका रुळला आहे की स्पर्धेतही ती 'घेतला' असेच म्हणते.

सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली येथे नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि मुलांच्या कित्येक पिढ्या पटाशी बसविल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावात घडल्या. अशा गावात मुलीने स्पर्धा खेळावी यात नवल नव्हते. नवल एवढेच की तिची तयारी करून घेणारे आजोबा स्वतः कधी मोठी स्पर्धा खेळले नव्हते. त्यांचे सारे बुद्धिबळ पुस्तकांतले होते, आणि पुस्तकांतही त्यांना सर्वांत प्रिय होती ती डावपेचांची कोडी: डावातील एक नेमकी स्थिती, तिच्याखाली 'पांढऱ्याने खेळून जिंकावे' अशी एक ओळ, आणि पुस्तकाच्या शेवटी उत्तर. पेशवाईच्या अखेरच्या काळात, १८१४ साली, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजीत छापला गेला. तोही प्रामुख्याने अशा स्थितींचाच संग्रह आहे, हे ते नातीला कौतुकाने सांगत. म्हणजे ही आवड काही आजची नव्हे.

त्या आवडीमागे शास्त्रही आहे. आड्रियान द ख्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः उत्तम खेळाडू होता, गेल्या शतकाच्या मध्यास बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन या संशोधकांनी त्याला जोड दिली. खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या बिनचूक मांडून दाखवितो; नवख्याला मोजक्याच आठवतात. पण त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून दाखविल्या की निष्णाताचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे होते. निष्णाताजवळ अधिक स्मरणशक्ती असते असे नव्हे. त्याच्याजवळ ओळखीच्या आकृत्या असतात. घोड्याने एकाच वेळी राजा आणि वजीर यांच्यावर केलेला दुहेरी हल्ला, उंटाने पिन करून जखडलेली सोंगटी, शेवटच्या पट्टीवर कोंडलेला राजा, एक सोंगटी बाजूला होताच मागून उघडणारा शह. ही चित्रे शेकडो वेळा डोळ्यांखालून गेली की डावात ती आपोआप उठून दिसतात. कोडी सोडवायची ती यासाठी.

मुलगी कोडी झपाट्याने सोडवू लागली. आजोबा स्थिती मांडीत, ती उत्तर सांगे, ते मान हलवून पुढची मांडीत. अठ्ठेचाळीस मिनिटांत पंचवीस, पुढे तीस, एकदा तर चाळीस. आकडा पाटीवर लिहिला जाई. पाटीवरचा आकडा वाढतो आहे म्हणजे खेळ वाढतो आहे, असा दोघांचाही समज झाला. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसालाही असा समज व्हावा, याचे नंतर आजोबांनाच वैषम्य वाटले.

मे महिन्यातील स्पर्धेत चौथ्या फेरीला तिच्यासमोर दहा वर्षांचा एक मुलगा आला. तिच्याकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. चार-पाच चालींतच पटावर एक ओळखीचे चित्र उभे राहिले: काळ्याचा उंट जी-४ घरात येऊन एफ-३ वरील घोड्याला रोखून बसलेला, आणि त्या घोड्याच्या मागे पांढरा वजीर. अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेली मात येथूनच निघते. रोखलेला घोडा वजिराची पर्वा न करता उडी घेतो आणि ई-५ वरील प्यादे घेतो. काळ्याने मोहाने वजीर घेतला की पांढरा उंट एफ-७ वर शह देतो, राजा एक पाऊल पुढे येतो, आणि दुसरा घोडा डी-५ वर येऊन मात करतो. ही मात मुलीने घरी किमान पाच वेळा केली होती. अर्ध्या मिनिटाच्या आत तिने घोडा उचलला आणि ई-५ वरचे प्यादे घेतले.

समोरच्या मुलाने वजिराकडे पाहिलेही नाही. त्याचा एक घोडा सी-६ वर होता. त्याने त्या घोड्याने तिचा घोडा घेतला. आता तोच घोडा जी-४ वरील आपल्या उंटाचीही राखण करीत होता. वजिराने उंट घ्यावा तर वजीर जाई. एका प्याद्याच्या बदल्यात तिचा घोडा गेला आणि पुढे डावही गेला. कोड्यातल्या आणि या स्थितीत फरक एकाच सोंगटीचा होता. सी-६ वरचा तो घोडा पटावर उघड्यावरच उभा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे पट नव्हता, पुस्तक होते.

उरलेल्या फेऱ्याही तिने वाईट खेळल्या. घरी आल्यावर तिने पटाला पंधरा दिवस हात लावला नाही. आजोबांनी आग्रह केला नाही, पण संध्याकाळी सतरंजी मात्र रोज अंथरली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एके दिवशी ती आपण होऊन येऊन बसली. जुलैच्या अखेरीस नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि कोड्यांना पुन्हा वेग आला. पाटीवरचे आकडे परत चढू लागले. मेमधील पराभवातून कोणी काही शिकले असे म्हणता येणार नाही. चुकीचा उपाय अधिक नेटाने करणे, हाच बहुतेकांचा पहिला उपाय असतो.

ऑगस्टमधील एका पावसाळी संध्याकाळी आजोबांनी एक जुनी, प्रसिद्ध स्थिती मांडली. काळा राजा एच-८ च्या कोपऱ्यात, शेजारी एफ-८ वर त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच दोन प्यादी. पांढरा वजीर जी-८ वर जाऊन बलिदान देतो, हत्तीला तो घ्यावाच लागतो, आणि स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडलेल्या राजाला घोडा एफ-७ वरून मात देतो. १४९७ साली स्पेनमध्ये छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकातही ही मात आहे. तिचे मर्म हे की घोडा एच-६ वर उभा राहून जी-८ वर नजर ठेवतो, म्हणून राजाला वजीर घेता येत नाही.

मुलगी पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, इथं होत नाही."

"होत नाही कसं? पुस्तकात आहे."

"वजीर दिला तर राजाच घेतो."

"नीट बघ. घाई करू नकोस."

तिने पुन्हा पाहिले. दहा मिनिटे गेली, वीस गेली. ती तेच म्हणत राहिली. शेवटी आजोबांचा आवाज चढला. त्या घरात सामायिकाच्या वेळी चढलेला तो बहुधा पहिलाच आवाज असावा. "चार महिन्यांपूर्वी हे तू चुटकीसरशी सोडवलं होतंस. मनावर घेत नाहीस तू. हरलीस ती अशानेच." मुलीने काही उत्तर दिले नाही. आजी उठण्यापूर्वीच ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात आजोबांनी भिंग लावून पुस्तकातील आकृती पाहिली आणि मग पट पाहिला. घोडा एच-६ ऐवजी एच-५ वर होता. एकच घर खाली. तेथून जी-८ वर त्याचा काहीही अधिकार चालत नव्हता; वजीर दिला असता तर राजाने तो सहज घेतला असता. नात म्हणत होती तेच खरे होते. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकू लागला होता आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती. नातीच्या दिवाळीतील स्पर्धेनंतर पाहू, म्हणून त्यांनीच ती पुढे ढकलली होती. पण सारा दोष डोळ्याचा नव्हता. आदल्या रात्री ते तो पट वीस मिनिटे समोर ठेवून बसले होते आणि त्यांना घोडा एच-६ वरच दिसत होता, कारण तो तिथे असतो हे त्यांना ठाऊक होते. मे महिन्यात नातीला सी-६ वरचा घोडा दिसला नाही, त्यांना एच-५ वरचा दिसला नाही. त्यांनी घोडा मुकाट्याने वर सरकवला. संध्याकाळी त्यांनी काही सांगितले नाही. पुढची कोडी मांडली. सांगायला हवे हे कळत होते. पण सत्तरी ओलांडलेल्या शिक्षकाला तेरा वर्षांच्या मुलीपुढे 'चूक माझी होती' हे तीन शब्द उच्चारायला किती दिवस लागू शकतात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस पट बंद राहिला. आजींनीच तसे सांगितले होते. घरातील सर्वजण सकाळी मंदिरात जात, दुपारी स्वाध्याय होई. अनंत चतुर्दशी झाली आणि क्षमावाणीच्या दिवशी घरात लहानमोठे सारे एकमेकांना हात जोडू लागले. या दिवशी वर्षभरातील कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागायची असते. बहुतेक वेळा ती सर्वांची सर्वांना एकाच वाक्यात मागितली जाते आणि नेमकी कोणती चूक, हे कोणी विचारत नाही. आजोबांनी मात्र नातीला माडीवर बोलावले. पट मांडला. घोडा एच-५ वर ठेवला.

"त्या दिवशी तो इथं होता," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. मी उगाच बोललो. उत्तम क्षमा."

मुलगी थोडा वेळ पटाकडे पाहत राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच रात्री मी पुस्तक बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

त्यानंतर तिने जे सांगितले ते आजोबांना अनपेक्षित होते. त्या रात्रीपासून ती कोणतेही कोडे सोडविण्यापूर्वी प्रथम सगळ्या सोंगट्या मोजून, एकेकीची घरे पाहून घेत होती. कारण मांडलेली स्थिती बरोबर आहे याची आता तिला खात्री वाटत नव्हती. 'पांढऱ्याने खेळून जिंकावे' असे लिहिलेले असले तरी जिंकता येतेच असे नाही, हे तिने मनात धरले होते. म्हणूनच गेले तीन आठवडे पाटीवरचा आकडा बारा-चौदाच्या वर जात नव्हता, आणि आजोबांनी तो तिच्या आळसाच्या खात्यावर मांडला होता.

गणिताच्या शिक्षकाला हे कळायला वेळ लागला नाही. पुस्तकातील कोडे खेळाडूच्या हाती एक फार मोठे गुपित आधीच ठेवते: येथे काहीतरी आहे. ते आहे हे कळले की शोधणे अर्धे सोपे होते. स्पर्धेत पटाखाली कोणतीही ओळ छापलेली नसते. चाळीस चालींच्या डावात असा क्षण एकदा येईल, दोनदा येईल, कदाचित येणारही नाही, आणि तो आला आहे हे सांगायला कोणी नसते. त्या दिवसापासून सराव बदलला. आजोबा पाच स्थिती मांडीत; त्यांतील दोन किंवा तीन जशाच्या तशा, उरलेल्यांत एखादी सोंगटी मुद्दाम एका घराने हललेली. कोणत्या खऱ्या आणि कोणत्या बिघडविलेल्या, हे सांगितले जात नसे. मुलीने आधी वहीत लिहायचे: येथे काही आहे की नाही, असेल तर शेवटपर्यंतची ओळ, प्रतिपक्षाच्या सर्वांत चांगल्या उत्तरासह, नसेल तर कोणती सोंगटी आड येते. त्यानंतरच पटाला हात लावायचा.

चाल आधी लिहून मग पुन्हा एकदा नवख्याच्या नजरेने पट पाहायचा, ही युक्ती रशियन खेळाडू बेंजामिन ब्लुमेनफेल्ड याने सांगितलेली आहे. प्रत्यक्ष स्पर्धेत ती आता चालत नाही. चाल करण्यापूर्वी लिहिण्यास फिडेच्या नियमांनी २००५ पासून मनाई आहे. म्हणून ऑक्टोबर लागताच आजोबांनी वहीही बंद केली. मुलीने दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे आणि सारे मनात करायचे. चुकलेली कोडी मात्र वेगळ्या वहीत उतरत आणि दर चतुर्दशीला तेवढीच पुन्हा सोडविली जात. आजींनी ती वही पाहिली तेव्हा 'हे तर तुमचं प्रतिक्रमण' एवढेच म्हणून त्या आत गेल्या. नातीला तो शब्द आवडला. वहीवर तिने तेच नाव घातले.

एक अडचण मात्र राहिली आणि ती कोणी बोलून दाखविली नाही. आजोबांचा डोळा सुधारत नव्हता. एखादी सोंगटी चुकीच्या घरात दिसली, तर ती त्यांनी मुद्दाम ठेवली आहे की नकळत पडली आहे, हे मुलीला कळण्याचा मार्ग नव्हता. तिने विचारले नाही. 'इथं काही नाही' एवढेच ती सांगे आणि आडवी येणारी सोंगटी बोटाने दाखवी. कधी आजोबा समाधानाने मान हलवीत. कधी क्षणभर थबकून, पुस्तक खिडकीजवळ नेऊन, पुन्हा जागेवर येऊन मान हलवीत.

दिवाळीच्या सुटीतील स्पर्धा कोल्हापुरात होती, नऊ फेऱ्यांची. दुपारची फेरी लांबली तर सूर्यास्त होऊन जाई; सहाच्या सुमारासच अंधारून येई. आजींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात दिली होती. मुलीने चातुर्मासापुरता रात्रिभोजनत्याग घेतला होता आणि स्पर्धेसाठी तो सोडावा असे तिला वाटले नाही. दोन दिवस तिने फेरीआधीच खाऊन घेतले. तिसऱ्या दिवशी ते जमले नाही. त्या रात्री ती पाणी न पिताच झोपली. वडिलांना ते आवडले नव्हते, पण ते काही बोलले नाहीत.

सहाव्या फेरीत पुन्हा एक बलिदान समोर आले. प्रतिपक्षाचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्याकडे बसलेला, तिचा उंट एच-७ च्या प्याद्यावर रोखलेला, घोडा पुढे उडी घेण्यास सज्ज. उंट देऊन प्यादे घ्यायचे, घोड्याने शह द्यायचा, मागून वजीर आणायचा: हेही चित्र शेकडो पुस्तकांत आहे. मुलीने हात मांडीखाली घेतले. घड्याळात अठरा मिनिटे खर्च झाली, जी तिच्यासाठी फार होती. मग तिने उंट होता तिथेच ठेवला आणि हत्ती मधल्या पट्टीवर आणला. प्रेक्षकांत उभ्या असलेल्या एका पालकाने हळूच च्च केले. डाव पुढे साठाव्या चालीपर्यंत गेला आणि बरोबरीत सुटला. स्पर्धेत तिचे साडेपाच गुण झाले. बक्षीस मिळाले नाही.

रात्री तिने आजोबांना फोन केला. आजोबांनी पट मांडायला घेतला आणि ती एकेक घर सांगू लागली. सगळ्या सोंगट्या मांडून झाल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

"घेता आला असता उंटाने," ते म्हणाले. "मला तरी दिसतं आहे."

"त्याचा दुसरा उंट एफ-५ वर आहे," ती म्हणाली. "तुम्ही तो ई-६ वर ठेवलाय का?"

पलीकडून पटावर लाकूड सरकल्याचा बारीक आवाज आला. एफ-५ वर तो उंट तिच्या उंटाची एच-७ कडे जाणारी वाट अडवून उभा होता. "आता नाही," आजोबा म्हणाले.

कार्तिकी पौर्णिमेनंतर आजोबांची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस वाचन बंद होते. दिवेलागणीला आजी आत बसल्या की नात पट मांडते आणि आजोबा काळा चष्मा लावून समोर बसतात. पुस्तक आता तिच्या हातात असते.

"पांढऱ्याची चाल," ती सांगते, आणि पुढे काही सांगत नाही.